आधी कोणता हात? कुत्रं चावलेल्या पाच वर्षांच्या मुलीचं प्रकरण

मुलगी पाच वर्षांची, अंगणवाडीत जाणारी. गाव लातूर जिल्ह्यातलं, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतलं. आईबाप कारखान्याला गेलेले, म्हणजे ऊसतोडीला. दिवाळी झाली की इथल्या बऱ्याच घरांत म्हातारी माणसं आणि लेकरंच मागं राहतात. हिच्या घरात आजी, चुलता आणि चुलती होती. हापशावरून घागर घेऊन येणाऱ्या आजीच्या मागं पळताना भटक्या कुत्र्यानं डाव्या पिंढरीला धरलं. दात खोल रुतले, रक्त आलं. तिचं खरं नाव इथं देत नाही, आपण तिला चिमी म्हणू.

मी या केंद्रात परिचारिका आहे. चिमी आमच्याकडं आली ती चाव्यानंतर तिसऱ्या दिवशी, लसीच्या दुसऱ्या डोससाठी. वैद्यकीयदृष्ट्या यात अवघड असं काही नव्हतं. अशा केसेस आमच्याकडं नेहमी येतात. तरी हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण घाबरलेल्या लेकराला धरायचं, टोचायचं आणि मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची सरसकट रीत आहे. एकाच सुईचं काम असेल तर ती रीत निभावून जाते. ज्या लेकराला पुन्हा पुन्हा यायचं असतं, त्याची एका वेळची भीती पुढच्या वेळी वाढून समोर येते. आणि ती वाढते दवाखान्यात कमी, घरात जास्त. दोन सुयांच्या मधल्या दिवसांत त्या लेकराच्या कानावर काय पडतं, यावर बरंच अवलंबून असतं.

पहिली रात्र

चुलत्यानं आणि आजीनं सांगितलं त्यावरून पहिल्या रात्रीचं चित्र असं उभं राहिलं. कुत्रं चावल्याबरोबर शेजारणीनं जखमेत तिखट भरलं. खेड्यात अजून हे चालतं. कुठं तिखट, कुठं चुना, कुठं हळद. खरं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुणं हा रेबीजविरुद्धचा पहिला आणि फार मोलाचा उपचार आहे. त्यासाठी दवाखाना लागत नाही, पैसा लागत नाही. तिखटानं मात्र विषाणू मरत नाही, लेकरू तेवढं तळमळतं.

चुलत्यानं तिला मोटारसायकलवर पुढं बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. आजी घरीच राहिली. निघताना तो म्हणाला, "डॉक्टर नुसतं बघणारेत." तिथं उपचार चोख झाले. रक्त येईल असा चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत मोडतो आणि तिथं नुसत्या लसीवर भागत नाही. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो. तोवर विषाणूला जागच्या जागी अडवायला तयार प्रतिपिंडांचं सिरम थेट जखमेत आणि जखमेच्या कडेनं टोचावं लागतं. ते दुखतं, मोठी माणसंसुद्धा दातओठ खातात. त्यातून जखमेत आधीच तिखट. चिमीला टेबलावर आडवं निजवून चौघांनी हातपाय धरले, सिरम दिलं, मग दोन्ही दंडांत लस दिली. रात्रीची गर्दी, एकटा डॉक्टर आणि उशीर करून चालणार नाही अशी जखम असताना त्यांनी वेगळं काय करायला हवं होतं, हे मी इथं बसून सांगणार नाही.

घरी आल्यावर आईचा फोन आला. लेकीचा आवाज ऐकून तिकडं उसाच्या फडावर तिला रडू आवरेना. ती म्हणाली, "आता संपलं माय. आता परत सुई नाही."

परत सुई होती. सहा सुया होत्या. आपल्याकडं ही लस आता बहुतेक सरकारी ठिकाणी कातडीच्या थरात देतात. दर वेळी ०.१ मिली, दोन्ही दंडांत एकेक. दिवस ०, ३, ७ आणि २८. म्हणजे पहिल्या रात्रीच्या दोन धरून आठ.

तिसरा दिवस

केंद्राचं फाटक दिसताच चिमीनं किंचाळायला सुरुवात केली. चुलत्यानं उचललं तर त्याच्या हाताला चावली. व्हरांड्यात पोचेपर्यंत तिची चड्डी ओली झाली होती. आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून ती उभी राहिली आणि बाहेर काढायला गेलं की आणखी आत शिरायची.

चुलता बाजूला येऊन म्हणाला, "सिस्टर, लेकरू दोन राती झोपलं नाही. झोपेत दचकायलंय. राहू द्या का हे इंजेक्शन? कुत्रं तर गावात फिरायलंय, त्याला काहीच झालं नाही."

हा प्रश्न वेडेपणाचा नाही. कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर ठणठणीत राहिलं तर पुढचं ठरवताना डॉक्टर ते लक्षात घेतात. पण ते पाळलेल्या, बांधून ठेवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत. इथं चार-पाच भटकी कुत्री होती आणि कोणतं चावलं यावर घरातच एकमत नव्हतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, जवळजवळ कधीच नाही. म्हणून डोस टाळण्याचा विचार मनात आणायची सोय नव्हती. मी त्याला तेवढंच सांगितलं आणि त्यानं मान हलवली. लेकराच्या डोळ्यांतलं पाणी बघून माणसं डोस अर्धवट सोडतात, हे मी पाहिलेलं आहे. त्यांच्याकडं काळजी कमी असते असं नाही. काळजीपोटीच ती सोडतात.

आमचा शिपाई म्हणाला, "मी धरतो सिस्टर, दोन मिनिटांचं काम." त्याचा हिशेब बरोबर होता, दोन मिनिटांत झालं असतं. मी नको म्हटलं त्याची दोन कारणं होती. एक सरळ तांत्रिक. कातडीत द्यायच्या लसीत सुई जवळजवळ आडवी धरून वरच्या थरात घालावी लागते आणि औषध गेलं की तिथं मुगाएवढा फुगवटा उठावा लागतो. फुगवटा आला नाही तर औषध खाली गेलं असं समजायचं आणि शेजारी पुन्हा टोचायचं. हात झटकणाऱ्या लेकराला दोनाच्या तीन, तीनाच्या चार सुया होतात. दुसरं कारण म्हणजे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या फेऱ्या बाकी होत्या. आज चौघांनी धरून काम उरकलं तर सातव्या दिवशी ही मुलगी गावाच्या वेशीबाहेर येणार नाही, आणि आजीला तिला ओढत आणायचं बळ राहणार नाही.

वेळेचीही अडचण नव्हती. लस शीतपेटीत होती, कालवलेली कुपी काही तास चालते. सकाळी दहाच्या जागी अकरा वाजले असते, एवढंच.

लिंबाखाली

त्यांना बाहेर लिंबाखाली न्यायला सांगितलं. चुलतीनं पिशवीतून दुसरी चड्डी काढून बदलली. मी जरा वेळानं गेले आणि चिमीपासून दोन हात लांब, खाली मातीतच बसले. हातात काही नव्हतं आणि ते तिला दिसेल असे दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले. तिच्याशी काही बोलले नाही. आजीशी बोलत राहिले. ऊस कुठल्या कारखान्याला, उचल किती घेतली, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, घरात कोण कोण.

बोलता बोलता चिमीकडं लक्ष होतं. चावा पिंढरीला, सुया दंडात. पण तिनं दोन्ही मुठींत फ्रॉक आवळून धरला होता तो पोटावर. आजी हलली की मुठी आणखी घट्ट. पिंढरीवरच्या पट्टीकडं तिचं लक्षही नव्हतं.

मी आजीला विचारलं, घरी सुईबद्दल काय बोलणं झालं. आजी म्हणाली, "आमच्या टायमाला पोटात चौदा सुया देत होते. म्या तेच म्हणलं हिच्या काकीला, आता लेकराला चौदा बसत्यात म्हणून."

चौदा सुयांची ही गोष्ट गावोगाव जिवंत आहे, आणि ती खोटी नाही. सर डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीच्या संस्थेत मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस आपल्याकडं पुढची जवळजवळ शंभर वर्षं वापरात होती. ती पोटावर रोज एक याप्रमाणे द्यायचे. २००४ च्या अखेरीस तिचं उत्पादन बंद झालं. पण ज्यांनी ती पाहिली ती माणसं आज आजी-आजोबा आहेत आणि कुत्रं चावलं की पहिली आठवण त्यांना तीच येते. चिमीनं ते ऐकलं होतं. ती ज्या सुईला घाबरत होती ती सुई आमच्याकडं नव्हतीच.

तेव्हा पहिल्यांदा मी तिच्याशी बोलले. "चिमे, पोटात सुई देत नाहीत. एकपण नाही."

तिनं लुगड्यातून एक डोळा बाहेर काढला. "पायात?"

"पायातली झाली. ती एकदाच असती. परत नाही."

"मग कुठं?"

मी माझ्या दंडावर बोट ठेवून दाखवलं. "हितं एक. आणि ह्या हाताला एक. दोनच."

"दुखतं?"

"व्हय. चुरचुरतं."

"मुंगळ्यावाणी?"

"मुंगळ्यावाणी. आजीच्या बांगड्या मोजून होईस्तोवर संपतं."

तिच्या मुठी सैल झाल्या. लगेच नाही, पण झाल्या. इथं 'काही दुखत नाही' असं म्हटलं असतं तर काही सेकंदांत खोटं ठरलं असतं, आणि मग 'पोटात देत नाहीत' हेही तिनं खोटंच धरलं असतं. आधीच तिला दोनदा चुकीचं सांगितलं गेलं होतं. 'नुसतं बघणारेत' म्हणून नेलं तर टोचलं, 'परत सुई नाही' म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं. तिसऱ्यांदा विश्वास ठेवावा तो कशाच्या जोरावर?

मग मी तिला सांगितलं, "आज टोचायचं का नाही हे तुझ्या हातात नाही, अन् माझ्यापण नाही. पण आधी कोणता हात, ते तू सांगायचं."

ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते. लेकराला सगळं ठरवू दिलं तर ते बिचारं नाहीच म्हणणार, आणि मग आपण ते मोडणार. काहीच ठरवू दिलं नाही तर त्याच्याकडं हातपाय झाडण्याशिवाय उपाय उरत नाही. कोणता हात आधी, कुणाच्या मांडीवर, सुईकडं बघायचं का तोंड फिरवायचं, एवढं त्याचं. टोचायचं की नाही आणि कधी, हे आपलं. 'तयार झालीस की सांग' असं म्हणून वेळ लेकरावर सोपवू नये. ते तयार होत नाही आणि वाट बघण्यातच भीती फुगते.

बिनसुईची नवी सिरिंज पाण्यानं भरून तिच्या हातात दिली. तिनं आधी लिंबाच्या बुंध्यावर पाणी मारलं, मग आजीच्या दंडाला लावून दट्ट्या दाबला. आजी हसली. चिमी हसली नाही, पण तिनं पुन्हा पाणी मागितलं.

सुईचा क्षण

टेबल वापरलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लस देताना होणारं दुखणं कमी करण्याबद्दल जी भूमिका मांडली तीत हे स्पष्ट आहे, की लहान मुलाला आपल्या माणसानं धरावं आणि बसत्या स्थितीत टोचावं. आडवं निजवलं की लेकराला आपण हरलो, सापडलो असं वाटतं. आजीला भिंतीला टेकून बाकावर बसवलं. चिमी तिच्या मांडीवर तिच्याकडं तोंड करून, छातीला छाती, पाय दोन्हीकडं सोडून. तिचा डावा हात आजीच्या काखेखालून पाठीकडं गेला, तिथं आजीनं कोपरानं दाबून धरला. उजवा हात आजीच्या खांद्यावरून माझ्या बाजूला आला. आजीचा एक तळहात चिमीच्या पाठीवर, दुसरा त्या हाताच्या कोपराशी. बघणाऱ्याला आजीनं नातीला कवटाळलंय असंच दिसतं, आणि तरी हात हलत नाही.

तिनं आधी उजवा हात सांगितला होता. आजीच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. मी म्हटलं, मोज. "एक. दोन. तीन." तिसऱ्याला सुई कातडीत गेली. चिमी चारला अडखळली, श्वास आत ओढला, आणि "पाच" म्हणाली तेव्हा दंडावर मुगाएवढा पांढरट फुगवटा वर आला होता.

बाजू बदलली. दुसऱ्या हाताला ती रडली. मोजणं सुटलं, "बास, बास" सुरू झालं. मी थांबले नाही. म्हटलं, "रड तू. रडायला काही हरकत नाही. हात तेवढा असाच ठेव." आजीनं बोट धरून पुढची बांगडी तिला दाखवली. रडत रडतच तिनं हात ठेवला, आणि फुगवटा आला.

रडणं आणि हात हलवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला हात स्थिर हवा असतो, लेकरू गप्प हवं असतं असं नाही. 'रडायचं नाही, शहाणी ना तू' असं म्हटलं की पाच वर्षांच्या मुलीवर दोन कामं पडतात. शिवाय रडलीच तर आपण शहाणे नाही असंही तिच्या डोक्यात बसतं.

आजीचा हात लगेच दंड चोळायला गेला. तो अडवावा लागला. कातडीत दिलेली लस चोळायची नसते. त्याऐवजी पाठीवरून हात फिरवायला सांगितलं. नंतर अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं.

'काही नाही होत'

इथं जरा थांबून एका सवयीबद्दल लिहायला हवं. सुई दिसली की आपल्या तोंडून आपोआप निघतं, 'काही नाही होत, घाबरू नको, झालं झालं.' यात माया असते. पण अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्लाउंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक बारकाईचा अभ्यास मांडला. कॅन्सरच्या मुलांच्या मणक्यातून आणि हाडातून नमुने घेताना मोठी माणसं काय बोलतात आणि त्याच्या पुढच्याच क्षणी मूल काय करतं, हे त्यांनी वाक्यावाक्यानं नोंदवलं. धीर देणारी वाक्यं, माफी मागणं, रागावणं, आणि सुरुवात कधी करायची ते मुलावर सोडणं, यांच्या पाठोपाठ मुलांचा त्रास वाढलेला दिसला. लक्ष दुसरीकडं नेणारं बोलणं किंवा 'आता फुंकर मार' असं नेमकं काम सांगणं, यांच्या पाठोपाठ मुलं सावरलेली दिसली.

विचार केला तर त्यात नवल नाही. एरवी जेवताना, खेळताना कुणी 'घाबरू नको' म्हणत नाही. ते ऐकू आलं की लेकराला कळतं, काहीतरी घाबरण्यासारखं आहे. म्हणून आजीला आधीच सांगून ठेवलं होतं की टोचताना 'काही नाही' म्हणायचं नाही, बांगडीवर बोट ठेवायचं. तिला ते सोपं गेलं, कारण हाताला काम मिळालं. घाबरलेल्या माणसाला गप्प राहा म्हणण्यापेक्षा एखादं काम दिलेलं बरं, मग ते मूल असो की आजी.

संध्याकाळचा फोन

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोठं काम मांडीवर झालं नाही, ते फोनवर झालं. लेकराला दुखणं जसं झालं तसं आठवत नाही, घरात त्याची जशी गोष्ट होते तसं आठवतं. आणि पुढच्या वेळी ते त्या आठवणीला घाबरतं.

दुपारी आजीकडून नंबर घेऊन चिमीच्या आईला फोन लावला. ती मोळ्या बांधत होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "लई रडली का सिस्टर?" हाच तिचा पहिला प्रश्न. मी सांगितलं की रडली, आणि हात हलवला नाही. मग विनंती केली की संध्याकाळी लेकीला 'लई दुखलं का गं' असं विचारू नका. आजीच्या बांगड्या किती मोजल्या ते विचारा. आणि 'आता संपलं' म्हणू नका. अजून दोनदा जायचं आहे, एकदा येळवशीला आणि एकदा पुढच्या महिन्यात, हे तुमच्याच तोंडून तिला कळू द्या.

आईला ते जड गेलं. लेकीला शंभर कोसावरून फक्त आवाजच देता येतो, आणि त्या आवाजात आपण सुईची बातमी द्यायची, हे कोणत्या आईला आवडेल? ती क्षणभर बोलली नाही. मग म्हणाली, "म्या आधी खोटं बोलले, व्हय ना." मी म्हटलं, तुम्ही मायेनं बोललात, आणि आता खरं तुम्हीच सांगितलं तर ती पुन्हा तुमच्यावर विसंबेल.

येळवस

सातव्या दिवसाचा डोस नेमका मार्गशीर्ष अमावस्येला आला. लातूर-धाराशिवकडं या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. सगळे शेतात, कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबिल. आजीचा विचार होता, उद्या नेऊ. एखादा दिवस पुढं गेला म्हणून लस वाया जात नाही, कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. पण उद्याचं परवा व्हायला वेळ लागत नाही, म्हणून आशाताईंनी आदल्या दिवशी घरी जाऊन निरोप दिला की शेतात जाताना वाटेवरच करून जा.

सकाळी टेम्पो फाटकाशी थांबला. चिमी स्वतःच्या पायानं आली, तोंड पडलेलं होतं. तिनं बाकाकडं बघितलं आणि म्हणाली, "आज काकाच्या मांडीवर." ज्याच्या हाताला ती चावली होती, आणि ज्यानं 'नुसतं बघणारेत' म्हणून पहिल्या रात्री नेलं होतं, तोच काका. चुलता गोंधळला. मी त्याला सांगितलं, आज काय होणार ते तुम्हीच तिला सांगा. तो खाली वाकून म्हणाला, "दोन सुया आहेत. चुरचुरतंय. मग शेतात जायचं." तिनं डावा हात पुढं केला. बांगड्या नव्हत्या, म्हणून शर्टाची बटणं मोजली. यावेळी ती दोन्ही हातांना थोडीथोडी रडली आणि टेम्पोत बसायच्या आधी थांबली.

अठ्ठाविसावा दिवस

सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच तीन आठवड्यांनी चिमी पुन्हा फाटकाशी अडली. पहिल्यासारखी किंचाळत नव्हती. आत यायचं नाही म्हणून खांब धरून उभी होती.

आजीला विचारलं तर तिला काही माहीत नव्हतं. चुलतीनं संकोचत सांगितलं. मधल्या दिवसांत चिमी जेवणाला त्रास देत होती, तेव्हा घरी आलेल्या पाहुण्या बाईनं म्हटलं, "जेव, नाहीतर त्या सिस्टरकडं नेऊन मोठी सुई देते." एकदाच नाही, पाहुणी होती तोवर रोज.

हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही असं मराठवाड्यात घर सापडणार नाही. डॉक्टर, सिस्टर, पोलीस, बुवा, यांची नावं लेकराला गप्प बसवायला घेतात. माझी कळकळीची विनंती आहे की निदान डॉक्टर आणि सिस्टर यांना या यादीतून काढा. ज्या लेकराला 'सुई म्हणजे शिक्षा' हे शिकवलेलं असतं, ते आजारी पडून आमच्याकडं येतं तेव्हा त्याला वाटतं, आपण काहीतरी वाईट केलं. चिमीनं मला विचारलं ते हेच होतं: "मी जेवले की. मग कामून?"

मी तिला सांगितलं की ही सुई जेवणाची नाही, कुत्र्याची आहे. तू जेवलीस तरी, नाही जेवलीस तरी आज होतीच. तुझ्या आईनं फोनवर सांगितलं होतं ना, येळवशीला एक आणि मग पुढच्या महिन्यात एक? ती आठवून म्हणाली, "व्हय." खांब सोडला. आईनं आधीच सांगून ठेवलेलं त्या दिवशी कामाला आलं. मांडी आजीची, हात आधी उजवा. ती पहिल्या फुगवट्याकडं स्वतः बघत राहिली.

डोस देऊन झाल्यावर आमच्या सहकारी सिस्टरनी तिचं लसीकरणाचं कार्ड पाहिलं. पाच वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर बाकी होता. त्या म्हणाल्या, लेकरू आलेलंच आहे, देऊन टाकू. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. आलेलं मूल लसीशिवाय परत जाऊ देऊ नये हेच आम्हाला शिकवलेलं आहे, आणि रेबीजच्या लसीसोबत डीपीटी द्यायला काही अडचणही नसते. तरी मी नको म्हटलं. चिमीला दोन सांगितल्या होत्या, तिसरी सांगितली नव्हती. 'दोनच' हा शब्द लिंबाखाली तिच्या मुठी सैल करणारा पहिला शब्द होता. तो आज मोडला असता तर महिनाभराचं काम फाटकापाशी सोडून दिल्यासारखं झालं असतं.

हे सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणणार नाही. हीच मुलगी आईबापांबरोबर फडावर जाणारी असती, पुन्हा कधी हाती लागेल याची खात्री नसती, तर तिला समोर बसवून तिसरीबद्दल खरं सांगून त्याच दिवशी दिली असती. चिमी गावातच राहणार होती, अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र दर महिन्याला होतं आणि आशाताईंचं घर तिच्या गल्लीत होतं. थांबणं परवडणारं होतं म्हणून थांबलो.

पुढच्या सत्राच्या आदल्या संध्याकाळी आशाताईंनी तिला सांगितलं, उद्या एक सुई आहे, दंडातच, पण एकच. तिनं विचारलं, कुत्र्याची का? नाही, ही सगळ्या लेकरांना असते. अंगणवाडीत ती रांगेत तिसरी उभी होती. तिच्या पुढचं पोरगं रडायला लागलं तेव्हा तिनं त्याला बांगड्या मोजायला सांगितलं आणि त्याच्या आईचा हात पुढं ओढला. स्वतःच्या वेळी ती रडली, आणि टोचून होईपर्यंत हलली नाही. आईबाप त्यानंतर काही आठवड्यांनी पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, गावी परतले. आईनं येताना केंद्रात येऊन कार्ड दाखवलं आणि चिमीच्या धाकट्या भावाची कोणती सुई कधी आहे ते विचारून, त्याला काय सांगायचं तेही विचारून गेली.